घंटी सगळ्यांनी ऐकली होती: ‘रास्ते का काँटा’ पुन्हा बघताना

परभणीत आमचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सुरू केलं तेव्हा तासावर भाड्यानं सायकली जायच्या. भाडं कधीच बंद झालं, दुरुस्ती राहिली. हे आधीच सांगतो, कारण खाली लिहिलंय ते टीव्हीवरच्या एका जुन्या भागाबद्दल असलं तरी लिहिणाऱ्याच्या हाताला ग्रीस आहे, आणि त्या भागातलं हत्यार आमच्या धंद्यातलं आहे.

मालिका ‘ब्योमकेश बक्षी’, त्याच नावाच्या बंगाली गुप्तहेराची. दूरदर्शनवर १९९३ साली लागली, पुढचे भाग १९९७ साली आले. दिग्दर्शक बासू चटर्जी. ब्योमकेश झालेत रजित कपूर आणि त्याचा लेखक-मित्र अजित झालेत के. के. रैना. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ती परत दाखवली, तेव्हा दुकानाचं शटर खाली होतं आणि मी बरेच भाग बघितले. पण आज ज्या भागाबद्दल लिहितोय, ‘रास्ते का काँटा’, तो तेव्हा निसटला. तो राहिला तो राहिलाच. गेल्या उन्हाळ्यात नात सुट्टीला आली, दुपारी बाहेर पाय टाकायची सोय नव्हती, तेव्हा मोबाईल टीव्हीला जोडून दोघांनी तो बघितला. पहिल्यांदा बघितला त्याला तीस वर्षं उलटून गेली होती.

खून कसा होतो ते मी खाली सांगणार आहे, त्याशिवाय मला बोलताच येणार नाही. खून कोण करतो ते सांगणार नाही. ज्यांना दोन्ही नको असेल त्यांनी आधी भाग बघावा, मग इथं यावं.

गोष्ट कलकत्त्याची, इंग्रजांच्या काळातली. चांगली खातीपिती, मोठ्या वयाची माणसं भर रस्त्यात मरून पडायला लागतात. चालता चालता खाली कोसळतात. आजूबाजूला गर्दी असते, पण बंदूक कुणी ऐकत नाही, सुरा कुणी बघत नाही. डॉक्टर तपासतात तेव्हा काळजात ग्रामोफोनची पिन सापडते. तबकडीवर लावायची ती बारीक पोलादी सुई. पोलीस हैराण, पेपरवाल्यांना रोजचा मसाला.

दुसऱ्या बाजूला ब्योमकेश घरात बसून पेपरातल्या जाहिराती वाचतोय. त्याचं म्हणणं, खरी बातमी जाहिरातीत असते. बाकीच्या पानांवर जे असतं ते काय, कुणी कुठं भाषण केलं एवढंच. अजितला हे पटत नाही. मला मात्र हे पहिल्यापासून पटलंय, कारण दादा तसेच पेपर वाचायचे. आधी आतलं पान, त्यावरच्या ‘जाहीर प्रकटन’ आणि ‘जाहीर नोटीस’. कुणी प्लॉट विकला, कुणाच्या भावानं हरकत घेतली, कुणी नाव बदललं, कुणाचा मुलगा आता माझ्या व्यवहाराला जबाबदार नाही. त्यावरनं गावात कुणाचं काय बिनसलंय ते दादांना कळायचं. मथळा ते चहा झाल्यावर बघायचे.

तर ब्योमकेशला एक जाहिरात खटकते. ती अधनंमधनं नाही, सारखी येते. ज्याला आपल्या वाटेतला काटा काढायचा असेल त्यानं शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता अमुक दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहावं. मूळ बंगाली गोष्टीत हे दुकान व्हाइटवे लेडलॉ, चौरंगीवरचं साहेबांचं मोठं दुकान. जाहिरात देणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. काटा म्हणजे काय तेही सांगितलेलं नाही. ज्याच्या मनात काटा असेल त्यालाच ती कळावी.

ही गोष्ट शरदिंदू बंद्योपाध्याय यांची. १९३२ साली लिहिलेली, आणि ब्योमकेशवर त्यांनी लिहिलेली ही पहिलीच. ब्योमकेश आणि अजितची ओळख कशी झाली ते सांगणारी ‘सत्यान्वेषी’ त्यांनी नंतर लिहिली. मालिकेत साहजिकच ओळख आधी येते. मी ही गोष्ट पुढं वाचनालयातनं आणून हिंदीत वाचली. वाचल्यावर वाटलं, बासूदांनी फार हात लावला नाही हे बरं केलं.

आता मुद्द्यावर येतो. या भागाचं मर्म एका प्रश्नात आहे. एका गृहस्थावर असाच हल्ला होतो, पण ते वाचतात. पिन त्यांच्या खिशातल्या घड्याळावर बसते. घड्याळ गेलं, माणूस राहिला. ते ब्योमकेशकडे येतात. ब्योमकेश त्यांना बाकी सगळं विचारतो आणि मग विचारतो, त्या वेळी काही आवाज ऐकला होता का. रस्त्यावर आवाज काय कमी असतात? माणूस आठवत बसतो. आणि मग सांगतो, सायकलची घंटी वाजली होती.

१९९३ साली आम्ही हे बघितलं तेव्हा घर जुनं होतं, वर माळवद, माळवदावर अँटेना. धाकटा भाऊ वर जाऊन अँटेना फिरवायचा, आणि खालनं आई ओरडायची, “आलं, आलं, तसंच धर.” टीव्ही काळा-पांढरा. त्या साली आमच्याकडे दुसरं काही आठवायच्या आधी किल्लारी आठवते, त्यामुळं साल पक्कं ध्यानात आहे. घंटीचं वाक्य आलं आणि दादा, जे भिंतीला टेकून अर्धवट डोळे मिटून होते, ते सरळ बसले. “घंटीत?” एवढंच म्हणाले.

बाकी घरात कुणाला त्या वाक्यात काही वाटलं नाही. मलाही नाही. मी तेव्हा बावीस वर्षांचा, पाच वर्षं दुकानात बसत होतो, दिवसातनं शंभरदा घंटी ऐकत होतो, आणि तरी मला नाही वाटलं. हीच तर त्या गोष्टीची करामत. पिन सुटते ती सायकलच्या घंटीतनंच, आत बसवलेल्या स्प्रिंगच्या जोरानं, आणि खुनी माणसानं घंटीचा आवाज लपवला नाही. उलट तो आवाज वाजवला, सगळ्यांच्या कानावर घातला. रस्त्यावर मागनं घंटी वाजली की आपण काय करतो? बाजूला सरतो आणि विसरतो. कधी वाजली, कुणी वाजवली, पोलिसांनी विचारलं तर कुणी सांगणार नाही. कारण ती ऐकू आली नाही असं नाही, ती मोजली गेली नाही.

दादांना मात्र घंट्या ओळखू यायच्या. दुकानात खाली बसून ते ट्यूब घमेल्यात बुडवत असायचे, रस्त्याकडे पाठ असायची, आणि म्हणायचे, “मास्तर आले.” खरंच मास्तर असायचे. मास्तरांच्या घंटीची टोपी सैल होती, ती वाजताना शेवटी खर्र व्हायची. दूधवाल्याची घंटी गंजलेली, तिला दोनदा दाबावं लागायचं. पोस्टमनची एकदम खणखणीत, कारण दर महिन्याला आम्हीच तेल द्यायचो. हे सगळं मला तेव्हा साधं वाटायचं. आता तो भाग परत बघताना कळलं, की ब्योमकेश जे करतो तेच दादा करायचे. सगळे ऐकतात ते दादाही ऐकायचे, फक्त सोडून देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर दादांनी पहिलं काम घंटी खोलायचं केलं. गिऱ्हाईक नव्हतं, नुकतं पाणी मारलं होतं. लाकडाच्या पेटीवर पेपर पसरला, त्यावर एक जुनी घंटी ठेवली आणि टोपी फिरवून काढली.

ज्यांनी कधी घंटी खोलली नाही त्यांच्यासाठी सांगतो. वरची वाटी, जिला आम्ही टोपी म्हणतो, ती आट्यावर बसते. खाली खटका असतो, ज्यावर अंगठा पडतो. खटक्याच्या आतल्या टोकाला दाते असतात. ते दाते एका छोट्या दातेरी चाकाला फिरवतात, ते दुसऱ्याला, आणि शेवटी एक आडवी पट्टी गरागरा फिरते. त्या पट्टीच्या दोन्ही टोकांना सैल वायसर असतात. पट्टी फिरली की वायसर बाहेर फेकले जातात आणि टोपीला आतनं घासून जातात. तो आपला ट्रिंग ट्रिंग. अंगठा सोडला की एक वळलेली स्प्रिंग खटका मागे आणते. एवढं सगळं दोन बोटांच्या जागेत.

दादा म्हणाले, “आता ह्यात नळी कुठं बसवायची सांग.”

मी म्हणालो, चाकं काढून टाकू.

“मग वाजंल कशानं? वाजाया तर पाहिजे. वाजल्याबिगर त्याचं कामच व्हईना.”

मला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला अर्धा तास लागला आणि दिलं ते त्यांनीच. चाकं काढायची, पट्टी काढायची, आणि खटक्यालाच एक छोटी हातोडी लावायची, जी टोपीला एकदाच ठोका देईल. त्याच खटक्यानं स्प्रिंगची अडणी सुटेल. म्हणजे आवाज आणि सुई एकाच अंगठ्यात. पण तशी घंटी ट्रिंग ट्रिंग वाजणार नाही, टन् करून एकदाच वाजेल. म्हणून आता हा भाग बघताना मी दर वेळी घंटी किती लांब वाजते ते कान देऊन ऐकतो. बायको म्हणते, तुम्ही गोष्ट बघत नाही, दुरुस्ती करताय. बघतो मी गोष्टच, पण माझ्या वाटेनं.

सुईसाठी शेजारच्या लाऊडस्पीकरवाल्याकडे गेलो. त्याच्या बापाच्या काळात लग्नात चावीचा ग्रामोफोन न्यायचे, त्यातल्या सुया एका बारक्या पत्र्याच्या डबीत उरल्या होत्या. डबीच्या झाकणावर भोंग्यासमोर बसलेला कुत्रा. त्यानं पाच सुया दिल्या आणि कशाला पाहिजे ते विचारलं. दादांनी खरं सांगितलं. तोही दुकान पोराच्या हवाली करून आमच्याकडे येऊन बसला. त्यानं पण तो भाग बघितला होता.

सुई जेमतेम दीड सेंटीमीटरची, शिवायच्या सुईपेक्षा जाड, टोक लगेच बारीक होत गेलेलं. ट्यूबच्या व्हॉल्व्हची पितळी नळी कापून घेतली. स्प्रिंग डायनॅमोची, जी डायनॅमोला टायरवर दाबून धरते ती. जागच्या जागी जेवढी कडक मिळाली तेवढी. एका जुन्या पेपराची घडी टायरच्या खोक्याला टाचली आणि हातभर अंतरावरनं सोडली. चार घड्या पार झाल्या, पाचवीत सुई अडकली. तीन हातांवरनं सोडली तर खोक्याला लागून खाली पडली. लाऊडस्पीकरवाला म्हणाला, सदऱ्यात सुद्धा जायची नाही.

मग दादांनी बावीस इंची सायकल उभी केली, मला तिच्यासमोर उभं केलं आणि घंटी माझ्या कुठं येते ते बघितलं. बेंबीच्या वर चार बोटं. छातीत मारायचं तर नळी वरच्या अंगाला कललेली पाहिजे. चालत्या सायकलवर, हँडल हलतंय, समोरचा माणूस चालतोय, आणि हा अंगठा दाबणार. दादा बराच वेळ सायकलकडे बघत राहिले. मला वाटलं ते आता म्हणतील, सगळं खोटं आहे. ते म्हणाले, “त्याच्याजवळ भारी स्प्रिंग असंल. कारागीर हाय तो. पण एवढा हात चालतो, अन् लावला कुठं बघ.” हे बोलताना त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. खून झालेल्या माणसांबद्दल नाही, त्या घंटीबद्दल.

तर सायकलवाल्याचा निकाल असा, की हत्यार जमत नाही. एवढ्याशा जागेत काळजापर्यंत पोचणारा जोर मावत नाही. पण गोष्ट त्यामुळं पडत नाही. कारण गोष्टीचा भार स्प्रिंगवर नाही, घंटीवर आहे. घंटीचा हिशोब शंभर टक्के बरोबर आहे.

बासू चटर्जींना हे नेमकं कळलंय असं मला वाटतं. त्यांचे सिनेमे बघितलेले असतील तर आठवेल, ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, त्यात बसची रांग, ऑफिसचा जिना, फुलांचा गुच्छ, ह्या गोष्टींवर माणसांची सुखदुःखं चालतात. हेरकथा हातात आली तेव्हाही ते तसेच वागले. अंधाऱ्या बोळात धुकं सोडलं नाही, ढॅण् ढॅण् वाजवलं नाही. खोलीत दोन मित्र, चहा, पेपर, नोकर पुटीराम. सुरुवातीचं आनंद शंकर यांचं संगीत तेवढं मनात घुमत राहतं, आत भाग सुरू झाला की बोलणं आणि गप्प बसणं. म्हणून त्या घंटीला जागा मिळते. आजच्या मालिकेत हाच प्रसंग घेतला असता तर ‘घंटी’ शब्दावर तीनदा वीज चमकली असती आणि खुन्याचं सगळं काम वाया गेलं असतं.

रजित कपूर यांच्याबद्दल सगळेच चांगलं बोलतात, मी एकच सांगतो. ते प्रश्न विचारतात तेव्हा समोरच्याला उत्तर सुचवत नाहीत. आवाज ऐकला का, एवढंच विचारतात आणि थांबतात. गिऱ्हाईक सायकल घेऊन येतं, “काहीतरी वाजतंय” म्हणतं, तेव्हा मिस्त्रीनं असंच थांबायला पाहिजे. चेन वाजते का, पायडल वाजतं का, असं आपणच विचारलं की ते ‘हो’ म्हणतं आणि आपण चुकीचं खोलत बसतो. हे मला धंद्यात दहा वर्षं घालवल्यावर कळलं. ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणतो. मला त्या शब्दात फुशारकी कधी वाटली नाही, कारण रजित कपूर तो शब्द एखाद्या धंद्याचं नाव असावं तसा घेतात.

के. के. रैना यांचा अजित मला पहिल्या वेळेपेक्षा आता जास्त आवडला. जाहिरातीप्रमाणे खांबाला हात लावून उभं राहायचं काम त्याच्या वाट्याला येतं. लोक येतायत, जातायत, हा उभा. कुणी बोलत नाही, काही होत नाही. आणि नंतर खिशात पाकीट सापडतं, जे कुणी कधी घातलं ते त्याला कळलंच नाही. स्वतः उभा होता, सावध होता, तरी कळलं नाही. घंटीचंच सूत्र इथं आधी एकदा येऊन जातं, फक्त कानाऐवजी खिशात. पहिल्यांदा बघताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता आलं आणि मी टीव्ही थांबवून बायकोला बोलावून दाखवलं.

पुढचा रात्रीचा प्रसंग, रेसकोर्सजवळचा सुनसान रस्ता, समोरनं येणारी सायकल आणि सदऱ्याखाली बांधलेली चिनी मातीची बशी. बशीबद्दल दादांचं तेव्हा फार चांगलं मत झालं होतं. लोखंडी पत्रा बांधला असता तर चालताना वाकता आलं नसतं, बशीला खोलगटपणा असतो, छातीवर बरोबर बसते. घरातली वस्तू घरातल्या वस्तूला भिडते, घंटीला बशी.

आता खोट. शेवट घाईत आहे. इतका वेळ घंटीचं कोडं सावकाश उकलल्यावर माणूस हातात आल्यावर सगळं भराभर बोलून टाकलंय. त्यानं ती घंटी बनवली कशी, कुठं बसून बनवली, किती वेळा फसली, हे मला ऐकायचं होतं. मला ती घंटी अजून चार मिनिटं बघायला मिळाली असती तर मी या भागाला काहीच नाव ठेवलं नसतं. रात्रीचा प्रसंग आताच्या टीव्हीवर फार काळा दिसतो, अर्धं अंदाजानं बघावं लागतं. आणि कलकत्ता शहर कमी दिसतं, खोल्या जास्त. ही हत्या रस्त्यावरची आहे, रस्ता अजून पाहिजे होता. सत्यवती, म्हणजे ब्योमकेशची पुढं होणारी बायको, या भागात नाही. ती पुढं येते, आणि सत्यवती म्हणजे आपल्या सुकन्या कुलकर्णी, म्हणून आमच्या घरात पुढच्या भागांना बायकांची गर्दी जास्त असायची.

नातीचं सांगायचं राहिलं. ती आठ वर्षांची, मला आबा म्हणते. दुपारचे दोन, बाहेर लोखंडाला हात लावला तर चटका बसेल असं ऊन, आणि कूलर फुल्ल. भाग चालू. आशुबाबू, म्हणजे ते वाचलेले गृहस्थ, आठवायला लागले आणि मी उठून कूलर बंद केला.

“आबा, गरम व्हायलंय.”

“दोन मिनिटं थांब. ऐक आता.”

ऐकलं तिनं. पण तिला ते कळलं नाही. आणि त्याचं कारण मला दुपारभर डोक्यात राहिलं. तिला घंटी माहीत आहे. तिच्या स्वतःच्या सायकलला आहे, गुलाबी. आमच्या दुकानात सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या सायकली दुरुस्तीला येतात, खेड्यातल्या शाळेच्या पोरींच्या, त्या सगळ्यांना घंट्या आहेत. सकाळी त्या पोरी रांगेनं जातात तेव्हा घंट्या वाजतातच. पण नातीला घंटी वाजली की ती लगेच वळून बघते, कारण तिच्यासाठी घंटी म्हणजे कुणीतरी मैत्रीण आली. ऐकून सोडून द्यायचे आवाज तिचे वेगळे आहेत. मी तिला विचारलं, “रस्त्यावर कुठला आवाज तू ऐकतेस आणि बघत नाहीस?” तिनं विचार केला आणि म्हणाली, “ऑटोचा रिव्हर्सचा. आणि कचऱ्याच्या गाडीचं गाणं.”

मग तिला सांगितलं, समज त्या काळी घंटी म्हणजे कचऱ्याच्या गाडीचं गाणं. सगळीकडे, सारखं, कुणाचंच लक्ष नाही. आता परत बघ. आम्ही पाच मिनिटं मागं नेलं. कूलर बंदच. तिच्या कपाळावर घाम आला होता, पण ह्या वेळी घंटीचं नाव निघाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं होतं. सायकलवाला, मोठ्यानं म्हणाली. भागात अजून कुणी ते म्हटलेलं नव्हतं. तिला कळलं त्या क्षणाला मी तीस वर्षांपूर्वी नुसता बसून होतो.

लहान मुलांना दाखवावा का, असं कुणी विचारेल. रक्त नाही, ओरडा नाही. खून आहे, पण तो कोड्यासारखा येतो. मला वाटतं आठ-नऊच्या पुढं चालेल, सोबत बसलात तर. कानाला मोबाईलचे बोळे लावून एकट्यानं बघू नका, चारजणांत बघा आणि घंटीच्या वाक्याला कोण सरळ बसतं ते बघा. पंखा, कूलर जे काही वाजत असेल ते तेवढ्यापुरतं बंद करा.

भाग संपल्यावर मी दुकानातनं एक घंटी आणली, टोपी काढली आणि तिला चाकं, पट्टी, वायसर दाखवले. तिनं खटका दाबून पट्टी फिरवली, चारदा, पाचदा. नंतर बराच वेळ गप्प होती. मला वाटलं खुनी माणसाबद्दल विचारेल, तो असा का वागला वगैरे, आणि मी त्याची तयारी करत होतो.

“आबा,” ती म्हणाली, “ते आजोबा वाचले ना, त्यांचं घड्याळ बंद पडलं होतं. ते नंतर दुरुस्त झालं का?”

हे भागात नाही. गोष्टीतही मी कुठं वाचलेलं नाही. मी तिला तेच सांगितलं, जे दादांनी सांगितलं असतं.

“खोलून बघावं लागंल.”